सामना संपल्यावर फीत कुठे जाते?

१८ जून १९८३ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या नेव्हिल मैदानावर भारताची अवस्था ५ बाद १७ होती. तिथून कपिलदेवने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. १६ चौकार, ६ षटकार आणि सय्यद किरमाणीबरोबर नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागीदारी. ६० षटकांत ८ बाद २६६ झाल्या, झिंबाब्वेचा डाव २३५ वर आटोपला. या डावाचे चित्रण उपलब्ध नाही, कारण त्या दिवशी बीबीसीचे कॅमेरे त्या मैदानावर नव्हते. तरीही तो डाव जिवंत आहे. धावफलकात सहावा गडी ७७ वर, सातवा ७८ वर, आठवा १४० वर असे तीन आकडे नुसते ओळीने वाचले तरी पोटात गोळा येतो.

या उदाहरणावरून एक निष्कर्ष हमखास काढला जातो: खरा क्षण लोक विसरत नाहीत, त्याला कॅमेरा लागत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याने भारतीय खेळांचे मोठे नुकसान केले आहे. टनब्रिज वेल्सचा डाव टिकला, कारण आठवड्याभराने २५ जूनला लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला. पुढचा विजय नसता तर त्या १७५ धावा एखाद्या आकडेवारीच्या पुस्तकात पडून राहिल्या असत्या.

पटत नसेल तर आपल्याच पुण्यातला एक सामना पाहा. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोहोचले होते. त्यात ४९ चौकार होते, आणि के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी झालेली ४५५ धावांची भागीदारी होती. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला आणखी १० धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. संघ मैदान सोडून निघून गेला आणि सामना तिथेच संपला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. नाट्य म्हणाल तर टनब्रिज वेल्सपेक्षा तसूभरही कमी नाही. पण आज पुण्यातल्या किती क्रिकेटवेड्या मुलांना ४४३ हा आकडा ठाऊक आहे?

तेव्हा अविस्मरणीय क्षण आपोआप अविस्मरणीय राहत नाहीत. कोणीतरी ते लिहितो, चित्रित करतो, पुन्हा पुन्हा दाखवतो, म्हणून ते राहतात. मग हे जपण्याची जबाबदारी कोणाची, हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि आपल्या कायद्यात त्याला उत्तर नाही.

आधी स्मरणशक्तीबद्दल. चाहत्याच्या आठवणीवर विसंबता येत नाही, कारण ती पक्षपाती असते. अमेरिकेतल्या बेसबॉल प्रेमींवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २००३ मध्ये यांकीज संघाने रेड सॉक्सना हरवले, २००४ मध्ये रेड सॉक्सनी त्याची परतफेड केली. काही वर्षांनी दोन्ही संघांच्या चाहत्यांना त्या सामन्यांचे तपशील विचारले, तर आपला संघ जिंकला तो सामना लोकांना अधिक अचूक आठवत होता. पराभवाची उजळणी आपण टाळतो, आणि जिची उजळणी होत नाही ती आठवण पुसट होत जाते.

यावर कोणी म्हणेल, भारतीयांना शारजा कसे विसरता येत नाही? १८ एप्रिल १९८६, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि जावेद मियांदादचा षटकार. तो पराभव पक्का लक्षात राहिला, कारण त्याची उजळणी आपण न करताही होत राहिली: दोन्ही देशांतल्या वाहिन्यांनी तो चेंडू वर्षानुवर्षे दाखवला. याच चेतन शर्माने ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली. रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघेही त्रिफळाचीत. त्याच सामन्यात सुनील गावसकरांनी त्यांचे एकदिवसीय क्रिकेटमधले एकमेव शतक, नाबाद १०३, केवळ ८८ चेंडूंत केले. आमच्या विदर्भाच्या मातीवर एकाच दिवशी घडलेल्या या दोन गोष्टी. तरीही त्या गोलंदाजाचे नाव काढले की बहुतेकांना शारजाच आठवते. एका माणसाच्या कारकिर्दीवर झालेला हा अन्याय आहे, आणि तो चाहत्यांच्या क्रूरपणामुळे झालेला नाही. कोणती फीत सहज हाताशी होती आणि कोणती नव्हती, यामुळे तो झाला. फीत ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात लोकांची आठवण.

आता कायदा. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट संकेत हक्कधारक वाहिनीला दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागतात, तेही जाहिरातींविना. दूरचित्रवाणीच्या जाहिरात उत्पन्नातले ७५ टक्के हक्कधारकाला, २५ टक्के प्रसार भारतीला, आकाशवाणीसाठी निम्मे-निम्मे. यामागचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाशी जुळते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे न्यायालयाने म्हटले होते, आणि तो खटलाही क्रिकेटच्या प्रसारणावरूनच उभा राहिला होता. म्हणजे सामना चालू असताना तो पाहण्यात जनतेचे हित आहे, हे आपण मान्य केले. शेवटचा चेंडू पडला की मात्र ते हित संपते. दुसऱ्या दिवसापासून तेच चित्रण निव्वळ खाजगी माल होते. त्याची प्रत कुठे ठेवायची, किती वर्षे, कोणत्या स्वरूपात, याबद्दल हा कायदा अवाक्षर काढत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत आपण असे वागलो नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत द्यावी लागते. फ्रान्सने पुस्तकांसाठी अशी सक्ती १५३७ मध्ये सुरू केली आणि १९९२ मध्ये ती रेडिओ-दूरचित्रवाणीला लागू केली. तिथली सरकारी संस्था प्रसारणांच्या प्रती घेते आणि अभ्यासकांना ठरावीक केंद्रांवर त्या पाहता येतात. मालकी हक्क वाहिनीचाच राहतो. जमा करणे आणि फुकट वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचा निम्मा विरोध या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे होतो.

माझी मागणी नेमकी अशी आहे. २००७ च्या कायद्याखाली ज्या सामन्यांचे संकेत वाटले जातात, त्या प्रत्येकाच्या दोन प्रती ९० दिवसांत जमा व्हाव्यात: एक, पडद्यावरच्या पट्ट्या, जाहिराती आणि समालोचन नसलेली स्वच्छ प्रत, दुसरी प्रेक्षकांनी पाहिली तशी, उपलब्ध सर्व भाषांच्या समालोचनासह. मराठी समालोचनाचा ध्वनिपट वेगळा जतन झालाच पाहिजे, बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर घडवलेली मराठी क्रिकेटची भाषा हा आपल्या भाषेचा ठेवा आहे, आणि इंग्रजी चित्रफीत वाचवून तो वाचत नाही. अभ्यासकांना केंद्रात बसून पाहण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असावी. सर्वांसाठी खुले २५ वर्षांनी करावे. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण संस्थेचा पुनःप्रसारणाचा हक्क २५ वर्षांचाच आहे. पण तेच चित्रण ‘चित्रपट’ या व्याख्येत बसवले की हक्क ६० वर्षांचा होतो, म्हणून ही सवलत नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावी लागेल. ती फट ठेवली तर पहिल्याच खटल्यात सगळे कोसळेल.

दंडाचाही विचार आधीच करावा. १९५४ च्या कायद्यात प्रत न देणाऱ्या प्रकाशकाला दंड किती? ५० रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाची किंमत. असा दंड कोणाला भीती घालणार? क्रीडा प्रसारणात दंड हक्कांच्या रकमेच्या टक्केवारीत हवा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्याचा एक हजारावा भाग ४८ कोटींहून जास्त होतो. तेवढ्या पैशात एक उत्तम संग्रहालय कित्येक वर्षे चालेल.

जागा शोधायला लांब जायला नको. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. थंड साठवणखोल्या, फिती हाताळणारी माणसे, सूचीकरणाची शिस्त हे सारे तिथे आहे. मात्र सगळे एकाच ठिकाणी ठेवू नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या, आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती ते चित्रपट कायमचे गेले. प्रत्येक फितीची आणखी एक प्रत वेगळ्या भूकंपक्षेत्रात, वेगळ्या हवामानात हवी.

वाहिन्या म्हणतील, आमच्याकडे सगळे सुरक्षित आहे. व्यापारी संस्थेने संग्रह जपण्याचा अनुभव जगभर सारखाच आहे. अमेरिकेत १५ जानेवारी १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, सीबीएस आणि एनबीसी अशा दोन वाहिन्यांनी दाखवला, आणि दोघांपैकी एकाकडेही प्रसारणाची संपूर्ण फीत उरली नाही. फिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत ढिगाने कार्यक्रम पुसले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ज्या वस्तूतून उद्या पैसे येणार नाहीत तिला जागा देणे हिशेबात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंपन्या विलीन होतात, गोदामे बदलतात, सर्व्हरचे भाडे कमी करण्याचा आदेश येतो. रणजीच्या उपान्त्यपूर्व फेरीच्या पाच दिवसांच्या चित्रणाची बाजू त्या बैठकीत कोण मांडणार?

फीत काही न करता कपाटात ठेवली तरी मरते, हे पुष्कळांना माहीत नसते. चुंबकीय फितीत लोहकण प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेले असतात. तो चिकट थर हवेतली ओल शोषतो आणि विघटित होतो. मग फीत यंत्रात घातली की किंचाळते, तपकिरी चिकट भुकटी फीत वाचणाऱ्या हेडवर जमते आणि चित्र जाते. त्यावर उपाय म्हणजे फीत साधारण ५० अंश सेल्सियसला किमान ८ तास ‘भाजणे’. हे काम नियंत्रित भट्टीतच होते. घरच्या ओव्हनमध्ये करू पाहणारा फीत वितळवून बसतो. भाजल्यानंतर ती काही आठवडेच धड चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. साठवण १८ ते २० अंश आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत व्हावी, तर आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात पांढरी बुरशी धरते. वाजवणारी यंत्रेही संपत आली आहेत: घरगुती व्हीएचएस यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. युनेस्कोने २०१९ मध्येच जगाला इशारा दिला होता की २०२५ च्या आसपास चुंबकीय फितींवरचा मजकूर वाचणे अशक्यप्राय होईल. ती मुदत उलटून गेली आहे.

इथवर क्रिकेटचे झाले. ज्या खेळांना कधी वाहिनीच नव्हती, तिथे दुखणे अधिक खोल आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली, १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ते आणले. खाशाबांच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्यांची गोष्ट घरोघर सांगितली जाते. पण कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी कोणत्या डावांवर हरवले, हे तालमीतही क्वचितच कोणी सांगेल. मिरवणूक आठवते आणि कुस्ती विसरली जाते. आपल्या मल्लाचा यापेक्षा मोठा अपमान नाही.

कबड्डीचे तसेच. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली त्याआधीचे स्थानिक सामने म्हणजे पिवळ्या पडलेल्या गुणपत्रिका. त्यावरून लोण कोणत्या सत्रात पडला हे कळते. ती घोट्याची पकड होती की कोपरारक्षकाने दिलेली धडक, चढाईपटू मध्यरेषेला किती बोटांवर होता, ते कळत नाही. आणि तेच तर लोकांना आठवत असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचे दोन खेळाडू भारताच्या विजयी संघांचे कर्णधार होते. त्यांच्याआधीच्या तीन पिढ्यांनी खांबावर घेतलेले सूर कुठे पाहायचे?

त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावच्या क्रीडा मंडळांकडे, तालमींकडे, जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे फिती पडून आहेत. सार्वजनिक वाचनालयाला या कामात घ्यावे. जी प्रत ग्रंथालयाकडे डिजिटल नसलेल्या स्वरूपात आधीपासून आहे, तिची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करायला बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ पासून स्पष्ट मुभा आहे. मंडळाने आपल्या फिती रीतसर वाचनालयाला दिल्या की कायदेशीर अडचण बरीचशी सुटते.

कामाचा आवाका मोजता येतो. समजा ४० व्हीएचएस फिती आहेत, प्रत्येकी ३ तासांच्या. उतरवणे फीत जेवढी तेवढ्याच वेळात होते, म्हणजे १२० तास. रोज दोन फिती धरल्या तर २० दिवस. प्रथम प्रत्येक फितीच्या पाठीमागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात घालू नये, वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी. नाहीतर तेच हेड पुढच्या दहा फिती नासवते. पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओची जोडणी वापरावी, रंग कमी सांडतात. चित्र थरथरत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या रेषांची वेळ जुळवणारे यंत्र, लागतो. मूळ ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी, आंतरगुंफित रेषांसह तसेच ठेवावे. ‘सुधारणा’ नंतरच्या प्रतीवर करावी. एफएफव्ही १ सारख्या विनाहानी स्वरूपात तासाला २५ ते ३० जीबी लागतात, म्हणजे १२० तासांना ३ ते ३.६ टीबी. ४ टीबीच्या तीन डिस्क घ्याव्यात: एक मंडळात, एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावी. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर फायरवायर केबलने थेट डिजिटल माहितीच उतरवावी, तासाला सुमारे १३ जीबी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते दुकानात. ‘डीव्हीडी करून देतो’ म्हणणारा चित्र दाबून लहान फाइल करतो, मंडळ खूश होऊन मूळ फीत भंगारात देते, आणि काही वर्षांनी त्या डीव्हीडीवरचा रंगद्रव्याचा थर उडतो. मूळ फीत कधीही टाकू नये. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नये. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत ही प्रत नव्हेच.

धाववह्या आणि गुणपत्रिकांना लॅमिनेशन करू नये. ते उष्णतेने चिकटते आणि पुन्हा निघत नाही. सेलोटेप, रबरबँड, पिना काढाव्यात. इंचाला ६०० ठिपक्यांच्या घनतेने स्कॅन करावे. छायाचित्रांच्या मागे नावे मऊ शिसपेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनची शाई पुढे उमटते. फाइलचे नाव तारीख, गाव, स्पर्धा, संघ या क्रमाने ठेवावे. ‘फायनल नवीन २’ अशा नावाची फाइल पाच वर्षांनी कोणालाच उलगडत नाही.

आणि माणसे. चढाई करणाऱ्याला, पकड घेणाऱ्याला आणि पंचाला वेगवेगळे बसवून त्याच सामन्याबद्दल बोलते करावे, आधी परवानगी घेऊन, पंखा बंद करून, फोन वितीभर अंतरावर ठेवून. तिघे तीन गोष्टी सांगतील. त्या तिन्ही तशाच ठेवाव्यात आणि गुणपत्रिकेची प्रत शेजारी लावावी. ज्यांनी सत्तरच्या दशकातली मैदाने गाजवली ते आज बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून फितींच्याही आधी हे काम हाती घ्यावे.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला आणि भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला. तीनच दिवस आधी त्याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ चे लक्ष्य पार करून दिले होते. हे सारे डझनावारी कॅमेऱ्यांनी टिपले आहे. आज सात वर्षांची असलेली सांगलीची एखादी मुलगी २०५० मध्ये तो संपूर्ण सामना मराठी समालोचनासह पाहायला मागेल, तेव्हा तिने कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा, हे कायद्यात लिहिलेले असावे. आणि गावातल्या मंडळाचे कपाट मे महिन्यातच उघडावे. जूनमध्ये पाऊस लागला की फिती बाहेर काढता येत नाहीत.